न वाजलेली टिप

१

न वाजलेली टिप दुसऱ्यांदा टाकायची नाही. उचलायची, तंबाखूच्या डबीत ठेवायची, झाकण घट्ट लावायचं आणि डबी गॉमर प्यूच्या हातात द्यायची. का, ते विचारायचं नाही.

नेरिस चौदा वर्षांची असताना वडिलांनी तिला हे सांगितलं, आणि तिने अर्थातच लगेच विचारलं, का. वडिलांची कानस स्नूकरच्या क्यूच्या, खेळायच्या काठीच्या, टोकावर फिरत होती, ती थांबली नाही. "बाकी सगळ्याचं का विचार," ते म्हणाले, "सांगेन. एवढं एक सोड."

तिने सोडलं. म्हणजे खरं तर विसरली. वडिलांच्या हयातीत तिच्यासमोर एकही टिप न वाजता राहिली नाही, आणि कूमहेलिग या खाणीच्या गावात न विचारायच्या गोष्टी इतक्या होत्या की त्यातली एखादी निसटली तर पत्ताही लागत नसे. रविवारी दोरीवर कपडे का वाळत घालायचे नाहीत. चॅपेलमधल्या तिसऱ्या बाकावर का बसायचं नाही. इन्स्टिट्यूटच्या स्नूकरच्या खोलीत बाईने पाऊल का टाकायचं नाही.

या शेवटच्यावरून ती भांडली होती. कार्डिफहून पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन परतली त्याच आठवड्यात ती कमिटीपुढे उभी राहिली. खाणीतल्या माणसांनी घाम गाळून बांधलेली इमारत. तिच्या वरच्या मजल्यावरची पुस्तकं बायकांना चालतात, मग खालची दोन टेबलं का चालत नाहीत? कमिटी म्हणजे तीन म्हातारे. अध्यक्ष गॉमर प्यू, चाव्या सांभाळणारा ट्रेफोर आणि नेरिसचा सख्खा काका बेरविन. गॉमरने काठी जमिनीवर ठोकली, हेच त्याचं उत्तर. ट्रेफोर म्हणाला, बाईच्या बुटाची टाच लागली की टेबलाचं कापड उसवतं. काकाने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

मग त्या वसंतात वडील गेले. खाणीची धूळ छातीत घेऊन गावातले सगळेच जातात, तसे. आणि कमिटीच्या लक्षात आलं की गावात टिप पारखणारं आता एकच माणूस उरलंय, आणि ते माणूस बाई आहे. वडिलांचं कामाचं बाक स्नूकरच्या खोलीत नव्हतं, भिंतीच्या अलीकडच्या लहान खोलीत होतं, आणि मधे एक सरकती खिडकी होती. बाक अलीकडे म्हणजे बाई अलीकडे. नियम मोडला नाही, काम अडलं नाही. म्हाताऱ्यांचं डोकं अशा वेळी बरोबर चालतं.

तेव्हापासून जे पुरुष तिला उंबऱ्यावरची पितळी पट्टी ओलांडू देत नव्हते, ते आपापला क्यू घेऊन खिडकीशी रांग लावत.

२

टिप पारखणं हे मडकं वाजवून घेण्यासारखं आहे. डोळ्यांना सगळ्या सारख्या. क्यूच्या टोकावर चिकटवायची, करंगळीच्या नखाएवढी चामड्याची चकती, खडूची भुकटी आतपर्यंत मुरवलेली, रंग हिरवट निळा. एका डब्यात पन्नास. त्यातल्या सहा-सात कामाच्या, बाकीच्या सरावाच्या क्यूंना.

नेरिस आधी टिपेच्या कडेवर नख दाबायची. खळगा पडून हळूहळू भरून आला तर ठीक. पडलाच नाही तर दगड, भरलाच नाही तर लोणी. मग ती टिप खालच्या ओठाला लावायची, कारण बोटांना न कळणारी ओल ओठाला कळते. आणि शेवटी वीतभर उंचीवरून लादीवर टाकायची. लादी म्हणजे स्नूकरच्या टेबलाखाली असतो तोच काळा पाटीचा दगड, जुन्या टेबलाचा फुटका तुकडा. मऊ टिप 'भद्' पडते, कडक 'टिक्' वाजते. चांगली या दोन्हींच्या मधे, 'टप्'. त्या 'टप्'मध्येही पोत असतो. पांढऱ्या चेंडूला धरून क्षणभर थांबणारी टिप कोणती आणि नुसतीच ढकलून मोकळी होणारी कोणती, हे नेरिसला आवाजावरून कळायचं. तिचे कान वडिलांहून तिखट आहेत असं गावातले लोक म्हणत, तिच्या पाठीमागे.

नोव्हेंबरचा मंगळवार होता. बाहेर सकाळपासून दिवा लावावा असा उजेड. नवा डबा उघडून तिने तीस टिपा वेगळ्या काढल्या. एकतिसावी नखाला उत्तम लागली. ओठाला कोरडी लागली, किंचित गार. तिने ती लादीवर टाकली.

टिप पडली, एकदा उडाली, कडेवर गोल फिरली आणि थांबली. आवाज आला नाही.

नेरिसने आधी कानात बोट घालून हलवलं. मग टाळी वाजवली. टाळी नीट ऐकू आली. भिंतीपलीकडे चेंडूवर चेंडू आपटला, तोही ऐकू आला. ती पुढे वाकून लादीकडे बघत राहिली. चामड्याचे थर सुटले असतील. मधे सरसाचा बुडबुडा राहिला असेल. धक्का आतच जिरत असेल, बाहेर येतच नसेल. पण धक्का आत जिरला तर टिप उडायला नको, आणि ही चांगली बोटभर उडाली होती.

बत्तिसावी टाकली. टप्.

दुसऱ्यांदा टाकून बघणं हा साधा मार्ग होता. तिने ती उचललीही. हात लादीवर आला आणि तिथेच थांबला, आणि या थांबण्याचा तिला स्वतःचाच राग आला. चार वर्षं शिकून डोक्यात काय राहिलं, तर वडिलांचं एक वाक्य. तिने टिप पुन्हा टाकली नाही. पण तंबाखूच्या डबीतही ठेवली नाही. एप्रनच्या खिशात टाकली.

३

चारच्या सुमाराला ट्रेफोरने खिडकीतून उष्ट्या कपांचा ट्रे आत सरकवला. मोरी नेरिसच्या बाजूला होती, आणि खेळायला न चालणाऱ्या बाईचे हात कप धुवायला चालत होते.

तिने कप विसळायला घेतले. सहा होते.

खिडकीतून तिला पहिल्या टेबलाचा अर्धा भाग दिसायचा, बाकीची खोली ती कानांनीच ओळखायची. गॉमरची काठी. ट्रेफोरच्या चाव्या. काकाच्या छातीतली शिट्टी, श्वास आत जाताना एक आणि बाहेर येताना दुसरी. भाऊ आयव्हर फटक्याआधी दातांतून शीळ घालायचा, एकच ओळ, सतत, डोकं उठवायचा. आणि पाचवा पोस्टमन, त्याला पडसं झालं होतं. पाच माणसं. कप सहा.

मागेही असंच असायचं का, हे ती आठवू लागली. असायचं. सहा महिने रोज एक कप जास्त धुतला होता, आणि कधी मोजला नव्हता.

"सहावा कोण?" तिने खिडकीतून विचारलं.

"एल्विन," ट्रेफोर म्हणाला.

"एल्विन रीस? तो येतो इथे?"

"रोज असतो. गुणफलकाखाली. गरीब माणूस, त्रास नाही कुणाला."

एल्विन रीस हे नाव गावात पोराटोरांना माहीत होतं. अठरा वर्षांपूर्वी, अठ्ठावन्न साली, खोऱ्याच्या स्नूकर स्पर्धेची ढाल कूमहेलिगला आली ती याच्या क्यूवर. त्यानंतर कधी आली नाही. त्यानंतर तो खेळलाही नाही. फार शांत झाला म्हणत.

नेरिसने खिडकीच्या चौकटीत खांदा घातला आणि मान वळवली. गुणफलकाखाली, लाकडी खुर्चीत, तपकिरी कोट घातलेला एक माणूस बसला होता. पन्नाशीचा, दाढी नीट केलेला. त्याच्या हातात चहाचा आणखी एक कप होता. तो प्यायला, आणि कप बशीत ठेवला.

चिनी मातीवर चिनी माती टेकली. नेरिसने ते पाहिलं. ऐकलं मात्र नाही.

लांब आहे, तिने स्वतःला समजावलं. हलक्या हाताचा असेल. तेवढ्यात एल्विनने पाय बदलले, आणि त्या खुर्चीखालची फळी गावात प्रसिद्ध होती. तिच्यावर मांजर बसलं तरी कुरकुरायची. ती कुरकुरली नाही. एल्विनने नेरिसकडे पाहिलं. तोंड उघडलं, दोन-तीन वेळा हलवलं, आणि समजूत पटल्यासारखं मिटलं.

४

आयव्हर नेरिसहून दोन वर्षांनी मोठा. खाण बंद झाली त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि तेव्हापासून तो रोज दाढी करून, बूट चमकवून इन्स्टिट्यूटमध्ये कामाला जावं तसा जायचा. या वर्षी त्याने गावाला ढालीच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं. सामना शनिवारी, इथेच. बुधवारी दुपारी त्याने क्यू खिडकीतून आत दिला.

"टिप चेपलीय पार. चांगली लाव. आणि लवकर, बाईसाहेब, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"गिऱ्हाईकाने बाईसाहेबांना आत बोलवावं, मग लवकर होईल."

"मी बोलवीन गं. गॉमर मला काठीने झोडपेल, मग खेळणार कोण?" आणि शीळ घालत तो वळला.

पुढे जे झालं ते नेरिसच्या हातून झालं, आणि ते तिने कुणावर ढकललं नाही. तिने विचार केला तो असा: एका गोष्टीबद्दल शंका असेल तर ती करून बघायची. न वाजणारी टिप चेंडूवर कशी लागते, हे लावल्याशिवाय कळणार नाही. उद्या काढून दुसरी लावता येईल. एका दुपारीत काय बिघडतंय?

तिने जुनी टिप पात्याने उडवली, पितळी टोपण घासून सपाट केलं, खिशातली टिप काढली. मागची बाजू पॉलिश पेपरवर फिरवली तेव्हा पेपरचाही आवाज नव्हता. तिथेच हात थांबायला हवा होता. तिने सरस लावला, टिप दाबून धरली, कडा कातरल्या, माथ्याला गोलाई दिली. इतकी सुरेख टिप तिने आयुष्यात बसवली नव्हती.

अर्ध्या तासाने भिंतीपलीकडे खेळ सुरू झाला. स्नूकरचा फटका म्हणजे दोन आवाज. आधी टिपेचा पांढऱ्याला लागलेला 'ठप्', मग पांढऱ्याचा दुसऱ्या चेंडूला लागलेला 'टक्'. हा क्रम नेरिसला श्वासासारखा पाठ होता. आता नुसतंच टक् येत होतं. टक्, आणि चेंडू पॉकेटच्या जाळीत. थोडी शांतता. टक्. जणू चेंडू आपसातच ठरवून एकमेकांना ढकलत होते आणि तिथे कुणी माणूस नव्हताच.

ती गुण मोजत होती. पन्नास. ऐंशी. एका दमात शंभर. आयव्हर जन्मात कधी साठच्या पुढे गेला नव्हता. एकशे बारावर शेवटचा काळा चेंडू जाळीत पडला.

टाळी वाजली नाही. 'शाब्बास' नाही. कुणी खुर्ची सरकवली नाही. नेरिसने खिडकी पूर्ण उघडली. टेबलापाशी गॉमर, ट्रेफोर आणि काका उभे होते, आणि तिघांपैकी एकही जण आयव्हरकडे बघत नव्हता. ते खिडकीकडे बघत होते. तिच्याकडे.

गॉमरच्या चेहऱ्यावर जे होतं तो राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

५

घरी दोघंच राहायची. आई फार पूर्वी गेली होती. नेरिसने दिवेलागणीला सूप गरम केलं, पाव कापला. आयव्हर पुढच्या दाराने आत आला ते तिला तो समोर उभा राहिल्यावर कळलं. दाराच्या बिजागरीला तेल नव्हतं, पायरीच्या दगडावर त्याचे खिळ्यांचे बूट, तरीही काही ऐकू आलं नव्हतं.

तो खुशीत होता. बसला आणि बोलू लागला, आणि नेरिसला वाटलं, शेजारच्या घरात कुणीतरी बोलतंय.

"हळू का बोलतोयस?"

"हळू? घसा फाडून बोलतोय. कान धुऊन घे." तो हसला. ते हसणं तिने पाहिलं.

पाव चांगला भाजलेला होता. तिने खाल्ला तेव्हा कुरकुर झाली. त्याने खाल्ला. चमचा ताटलीवर घासला. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग, उगाचच विचारतेय असं दाखवत, तिने त्याला ती नेहमीची ओळ शिळेवर म्हणायला सांगितली.

"तुला तर त्याचा वैताग येतो."

"म्हण रे."

तो खिडकीशी उभा होता. त्याने ओठ गोल केले. समोरच्या काचेवर वाफेचा डाग उमटला, मोठा झाला, ओळीच्या शेवटी लहान झाला. पुन्हा उमटला. आयव्हरची मान तालात हलत होती. कडवं संपवून तो वळला आणि भुवया उंचावून त्याने विचारलं, झालं समाधान?

त्याला स्वतःला सगळं ऐकू येत होतं. हे तिला तेव्हा कळलं.

वडील इस्पितळात शेवटच्या आठवड्यात बरंच असंबद्ध बोलत. एकदा त्यांनी तिचं मनगट धरलं होतं. म्हणाले, एल्विनच्या वेळी मी ती दुसऱ्यांदा टाकायला हवी होती. मला धीर झाला नाही, पोरी. नेरिसने तेव्हा त्यांना पाणी पाजलं होतं आणि हो, हो म्हटलं होतं.

६

गुरुवारी सकाळी आयव्हर उठायच्या आत तिने क्यूची टिप पात्याने काढली आणि डब्यातली सगळ्यांत चांगली टिप बसवली. ती टिप लादीवर तीनदा टाकून पाहिली होती. टप्, टप्, टप्. न्याहारीला आयव्हर बोलला तेव्हा आवाज कालच्याएवढाच होता. कमी झाला नव्हता, परतही आला नव्हता. टिप बदलल्याचं कळल्यावर तो भडकला. मूठ टेबलावर आपटली, कप उडाले, आणि तिला ऐकू आला तो फक्त कपांचा खडखडाट. उभ्या आयुष्यात एक गोष्ट जमली मला, तो म्हणाला, आणि तीही तू काढून घेतलीस. हे तिला अर्धं ओठांवरून समजलं.

ती तडक काकाकडे गेली. बेरविनकाका टेकडीवरच्या कबुतरखान्यात दाणे टाकत होता. लहानपणी याच्याच खांद्यावर बसून तिने कबुतरं मोजली होती. तिने काही झाकून ठेवलं नाही, सगळं सांगितलं. काकाने ऐकून घेतलं. छातीतल्या दोन्ही शिट्ट्या वाजत राहिल्या.

"एल्विनला काही दुखत नाही," शेवटी तो म्हणाला. "खातो, पितो, फिरतो. चार माणसांत बसतो."

"त्याला विचारलं होतं तुम्ही?"

"आधी?"

"आधी. नंतर. कधीतरी."

"नंतर विचारून काय उपयोग, पोरी. सांगणार कसा तो?" काका किंचित हसला, आणि मग हसल्याची लाज वाटून दाण्याच्या डब्यात हात घालून बसला. एवढंच म्हणाला की ढाल आली त्या वर्षी गावात कुणी खाणीत मेलं नाही. सगळे खूश होते. सगळ्यांनी सोडून दिलं.

"आणि दुसऱ्यांदा टाकली तर?"

काका इतका पटकन उठला की कबुतरं उडाली.

७

शुक्रवारी दुपारी तीन वाजता कमिटी नेरिसच्या खोलीत आली. भिंतीच्या या बाजूला तिघं एकत्र प्रथमच येत होते. आधी काठी ऐकू आली, मग चाव्या, मग काकाची छाती. खिडकी अर्धी उघडी होती. पलीकडे आयव्हर सराव करत होता, आणि टिप आता चांगली, वाजणारी असूनही फटक्याचा ठप् येत नव्हता. नुसतं टक्. बऱ्याच वेळाने टक्. तो चुकत होता.

न वाजलेली टिप बाकावर, लादीच्या कडेला ठेवलेली होती. तिघांनी ती पाहिली.

गॉमरने बसायलाही नकार दिला. तो सावकाश, चॅपेलमध्ये बोलावं तसं बोलला. खाण गेली. शाळा पुढच्या वर्षी जाणार. नगरपालिकेचा माणूस इमारत मोजून गेलाय, मोजून गेले की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ढाल आली तर माणसं येतील, माणसं आली तर इमारत राहील. मागे तुझ्या बापाने, एमलिनने, केलं ते त्याची पोरगी करील. टिप या बाकावर बसणाऱ्याच्याच हाताने लावायची असते, दुसऱ्या कुणी लावून चालत नाही.

"आणि आयव्हर?" तिने विचारलं.

"आयव्हरला हवीय. विचार त्याला."

"तो काय म्हणतो ते मला ऐकू येत नाही, मिस्टर प्यू. तुम्हाला येतं?"

ट्रेफोरने चाव्यांशी चाळा केला. गॉमर डगमगला नाही. एका माणसाचा आवाज आहे, म्हणाला, आणि तोही बराचसा गेलेला. समोर अख्खं खोरं आहे. मग त्याने ट्रेफोरला खूण केली, आणि ट्रेफोरने चाव्यांच्या जुडग्यातली एक चावी काढून बाकावर ठेवली. स्नूकरच्या खोलीची.

"उद्या तू आत बसशील," गॉमर म्हणाला. "पहिल्या रांगेत. नियम आम्ही बदलतो. कमिटीचं ठरलंय. हेच हवं होतं ना तुला?"

हेच हवं होतं. ती चावी तिथे, हाताच्या अंतरावर होती, आणि नेरिसला एक क्षण त्या खोलीत शिरल्यासारखं वाटलं: पितळी पट्टी, दिव्यांखालचं हिरवं कापड, गुणफलक. आणि गुणफलकाखाली दोन खुर्च्या, शेजारी शेजारी. दुसरीत तिचा भाऊ, दाढी नीट केलेला. समोर कप.

"नाही," ती म्हणाली.

"पोरी, नीट विचार करून—"

"मी नाही म्हटलं. टिप लावणार नाही. उद्या नाही आणि कधीच नाही. दुसरी कोणती निघाली तर तीही नाही. तुमची डबी घेऊन जा." तिने तंबाखूची डबी गॉमरच्या पुढ्यात सरकवली, आणि दुसऱ्या हाताने ती टिप उचलली. टिप बोटांत गार होती. तिने हात लादीवर नेला. वीतभर उंच.

काकाच्या छातीतली शिट्टी अडकली. "दुसऱ्यांदा नाही, नेरिस."

"का?"

ट्रेफोरने गॉमरकडे पाहिलं.

"आठ वर्षं झाली हे विचारून. आज तरी सांगा. का?"

गॉमरने काठीचा हात वर केला. ट्रेफोर पुढे झाला. काकाने दोन्ही हात तिच्याकडे पसरले, लहानपणी खांद्यावरून उतरवून घेण्यासाठी पसरायचा तसे, आणि तिला वाटलं, हा आता तरी सांगेल. त्याने नुसती मान हलवली.

तिने बोटं उघडली.

टिप लादीवर पडली आणि वाजली. टप्. साधा, स्वच्छ आवाज, डब्यातल्या कुठल्याही चांगल्या टिपेचा असतो तसा.

क्षणभर काहीच झालं नाही. मग भिंतीपलीकडे आयव्हरने फटका मारला. ठप्, आणि मग टक्. पुन्हा. ठप्. टक्. आणि दातांतून ती डोकं उठवणारी शीळ, सुरात नसलेली, अर्ध्यातच सोडलेली. खोलीच्या पार टोकाला, गुणफलकाखाली, एक फळी कुरकुरली. फार जुनं दार उघडावं तसं कुणीतरी तिथे खाकरू लागलं, थांबलं, घाबरून पुन्हा खाकरलं.

नेरिस वळली. काकाची छाती वरखाली होत होती, शिट्ट्या मात्र नव्हत्या. ट्रेफोर थरथरत होता, त्याच्या मुठीतलं जुडगं हलत होतं. गॉमर काहीतरी बोलत होता. मान ताठ, ओठ जोरात, तोंडाच्या कडेला थुंकी. ती ऐकायला पुढे झुकली.

गॉमरच्या हातातून काठी सुटली. फरशीवर पडली, एकदा उडाली, गोल फिरली आणि थांबली.